मूळ प्रतीबरहुकूम

तो ठिपका पूर्णविराम होता की शाईचा डाग, हे नुसत्या डोळ्यांना ठरवता येईना, म्हणून तिने भिंग खाली आणलं आणि तो ठिपका एकदम वाटाण्याएवढा होऊन वर आला — कडा फुटलेला, एका अंगाला शेपटीसारखा ओघळलेला. म्हणजे डागच, वाक्य अजून उघडंच होतं. 'तो गेला आणि आम्ही सगळे काठावरच राहिलो' — आणि पुढे नुसता कागद. लिहिणाऱ्याने तिथे पूर्णविराम द्यायचं टाळलं होतं, की तो विसरला होता, की त्याचा हातच तिथून पुढे सरकला नव्हता... तिने लाल पेन्सिलीने डागाभोवती गोल काढला आणि समासात लिहिलं, 'काढा'. छापखान्यात हे किती सोपं असतं. नऊ वर्षं ती दुसऱ्यांच्या चुका काढत आली होती. पत्रिकांतल्या, शाळांच्या प्रगतिपुस्तकांतल्या, नको त्या माणसांनी लिहिलेल्या आत्मचरित्रांतल्या. चुका काढणाऱ्या बाईला मैत्रिणी मिळत नाहीत, ताई, असं धाकटा म्हणायचा, आणि वर म्हणायचा, भाऊ मिळतो, कारण त्याला पर्याय नसतो.

येत्या रविवारी त्याला जाऊन वर्ष होणार होतं. त्याच्या मित्रांनी मिळून बत्तीस पानांची एक पुस्तिका काढायचं ठरवलं, आणि छापायची तर ताईच्याच छापखान्यात, हे कुणी न विचारताच ठरलं. मालक म्हणाले होते, बाई, हे प्रूफ दुसऱ्या कुणाला तरी वाचू दे, घरच्या माणसाला घरची चूक दिसत नाही. धंद्यातलं जुनं शहाणपण होतं ते. पण ती म्हणाली, मीच वाचणार. मालकांनी तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

बाकीचे लेख तिने दोन दिवसांत हातावेगळे केले होते. मामांनी दोन पानं लिहिली होती, त्यांतलं दीड पान मामाच होते. शाळेतल्या बाईंनी त्याच्या मोत्यासारख्या अक्षराचं कौतुक केलं होतं — आणि त्याचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी चालावी तसं! बाईंना दुसराच कुणी आठवत असणार, जो आज कुठेतरी सुखात असेल. तिने ते तसंच राहू दिलं होतं. तो ज्यांच्या हाताखाली फ्रिज दुरुस्त करायला शिकला त्या मिस्तरींचा लेख पाऊण पानाचाच होता: 'पोरगा फ्रिजला कान लावायचा, डॉक्टर छातीला लावतो तसा, आणि सांगायचा, मिस्तरी, हा दमलाय, ह्याला चार दिवस सुटी द्या.' ते वाचून ती उठली होती, हौदापाशी जाऊन तोंडावर पाणी मारून आली होती. आणि एक गोष्ट कुणीच लिहिली नव्हती, ती तिच्या डोळ्यांना लगेच दिसली, कारण गाळलेलं दिसणं हेच तिचं काम. मित्र त्याला भोवरा म्हणायचे. एका जागी म्हणून बसायचा नाही, म्हणून भोवरा. पंधरा लेखांत तो शब्द एकदाही नव्हता. पाण्यात गेलेल्या माणसाला आता ते नाव घेऊन कोण हाक मारणार?

आईने लिहायला नकार दिला होता. मला कुठे येतं लिहिता, म्हणाली. त्याच्याशी माझं जे बोलायचं ते मी बोलते.

उरला होता शेवटचा लेख. टोळचा.

टोळ हा धाकट्याचा सर्वांत जवळचा मित्र — उंच, काटकुळा, गुडघे आणि कोपरं सगळीकडे आपटत चालणारा, पाचवीत असल्यापासून त्यांच्या घरी पडीक. त्या दिवशी दुपारी दोघं मिळून जुन्या दगडखाणीकडे गेले होते. खाणीत कायम पाणी असतं, हिरवं, तळ न दिसणारं. संध्याकाळी टोळ एकटा परत आला. कपडे ओले, चप्पल एकच. तो म्हणाला, भोवरा पोहायला उतरला, मी नको नको म्हणत होतो, त्याने ऐकलं नाही. आणि सगळ्यांनी ते लगेच मान्य केलं, कारण ते धाकट्याला शोभत होतं. घाईच त्याला सगळ्याची. कधी ऐकलंय कुणाचं? मामा तर मांडी घालून बसले आणि म्हणाले, अति तिथं माती. माती नव्हे, पाणी, असं तिच्या मनात आलं होतं, आणि असल्या वेळी असलं मनात येतं ह्याची तिला लाज वाटली होती.

पण त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या पायांत बूट होते.

इस्पितळातून दिलेली त्याच्या कपड्यांची पिशवी तिनेच उघडली होती. बूट, नाड्या बांधलेले, दुहेरी गाठ. पहिल्या तीन पगारांतून शिल्लक टाकून घेतलेले बूट होते ते. वाटेत डबकं दिसलं की भोवरा असूनही हा माणूस वळसा घालून जायचा. असा माणूस पोहायला उतरताना बूट काढत नाही? सगळ्यांनी ते पाहिलं आणि कुणालाच दिसलं नाही. तिला दिसलं — एखाद्या ओळीत विभक्ती चुकलेली दिसावी तसं, आधी नुसतं खटकलं, मग पुन्हा पुन्हा तिथेच अडखळायला झालं. महिन्याभराने ती एकटी खाणीवर गेली. वरच्या अंगाला पत्र्याच्या खोलीत एक राखणदार असतो. म्हातारा हातातली बादली खाली ठेवून म्हणाला, लांबडा आधी पाण्यात गेला. हातपाय मारत होता, पोहणं येत नव्हतं त्याला. दुसरा मागून धावत आला आणि तसाच गेला. वर आला तो लांबडा. मग म्हातारा म्हणाला, मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला कुणी विचारलंच नाही.

तिनेही कुणाला सांगितलं नाही. अकरा महिने.

का नाही सांगितलं? सुरुवातीला तिने स्वतःला बजावलं की टोळने आपण होऊन सांगावं. आज सांगेल, उद्या सांगेल. तो दर रविवारी घरी यायचा, आईची औषधं आणायचा, गळका नळ बांधायचा, धाकट्याच्या खुर्चीत बसून आईने वाढलेलं निमूट खायचा. आणि ती समोर बसून त्याच्या गळ्याची ती वरखाली होणारी गाठ बघायची आणि मनात म्हणायची, आता. आता बोल. तो म्हणायचा, ताई, मीठ दे जरा. असे किती रविवार गेले... आणि मग तिच्या ध्यानात आलं की तिला आता त्याने सांगायला नकोच आहे. सांगितलं तर संपलं. हे तिच्याजवळ होतं, फक्त तिच्याजवळ, तिला भावाकडून मिळालेली शेवटची वस्तू असल्यासारखं. ती ते रोज काढून पुसायची, धार बघायची आणि परत ठेवायची. बसस्टॉपवर, भाजी निवडताना, प्रुफाच्या दोन पानांच्या मध्ये. वैर हे पोसावं लागतं असं म्हणतात. खोटं आहे — वैरच माणसाला पोसतं. धाकटा गेल्यावर ती जगली कशी, असं बायका एकमेकींत कुजबुजत. ती ह्याच्यावर जगली.

एकदा मात्र तिने ती धार चालवून पाहिली होती. टोळचं लग्न ठरत आलं होतं. मुलीची आत्या चौकशीला त्यांच्या घरी आली. आई बाहेर गेली होती. तुमच्या घरात वाढल्यासारखाच मुलगा, तुम्हीच सांगा कसा आहे, आत्या म्हणाली. तिने चहा पुढे केला आणि शांतपणे सांगितलं, मुलगा चांगला आहे हो, कष्टाळू आहे... फक्त त्याच्या भरवशावर कुणी राहू नये. एवढंच. एक शब्द खोटा नव्हता. आत्याने कप अर्धाच ठेवला. आठवड्याभरात ते मोडलं. ती चार दिवस गुळाचा खडा तोंडात ठेवल्यासारखी वावरत होती; पाचव्या दिवशी टोळ नेहमीसारखा आला, नळाचा वायसर घेऊन, आणि म्हणाला, ताई, तुझे डोळे लाल दिसतात, जरा कमी वाचत जा. तेव्हा तिला कळलं की एवढ्याने आपली भूक भागणार नाही.

आणि आता हा लेख. 'मी त्याला परोपरीने विनवलं, पण तो हसला आणि पाण्यात उतरला.' हसला! 'पाण्याला माया नसते हे त्या दिवशी मला कळलं.' समासात तिने एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं — फारच गोड वाक्य. अक्षरं नीट जुळलेली, ऱ्हस्वदीर्घ जवळजवळ शुद्ध, आणि मधोमध हे असं धडधडीत... दोनशे प्रती निघणार होत्या. दोनशे घरांत धाकटा कायमचा हट्टी, उनाड, कुणाचं न ऐकणारा होऊन फडताळात बसणार होता. छापलेलं खोटं पुसत नाही. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

सकाळी तिने टोळला फोन केला होता. लेखात शंका आहेत, दुपारी येऊन वाचून जा.

तीनच्या सुमाराला तो आला. मालक जेवून पंख्याखाली आडवे झाले होते, मशीनमन कागद आणायला गेला होता, आणि नुकतंच बंद केलेलं मशीन आपसूक टिकटिकत निवत होतं. तिने त्याला समोर स्टुलावर बसवलं. त्याचे गुडघे टेबलाला लागले, भिंग हललं. सॉरी ताई, तो म्हणाला. तिने त्याच्या लेखाचे मूळ कागद त्याच्यापुढे ठेवले, त्याच्याच अक्षरातले, आणि प्रूफ स्वतःकडे ओढलं.

"आमच्याकडे पद्धत आहे," ती म्हणाली, "एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बघायचं. विरामचिन्हांसकट वाचायचं. काही गाळायचं नाही."

पद्धत होती, पण लेखकाला कुणी बसवत नसे.

तो वाचू लागला. त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं खाणीकडे गेलो पूर्णविराम. ऊन फार होतं स्वल्पविराम वारा नव्हता पूर्णविराम. त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा एका सुरात चालला होता, आणि ती पेन्सिलीचं टोक ओळीखालून सरकवत होती, जराही घाई न करता; तिला आठवलं, टोळ सातवीत असताना तिनेच त्याला शुद्धलेखन घातलं होतं, धाकटा टेबलाखालून त्याला चिमटे काढत होता... ते नको. आता ते नको. मी त्याला परोपरीने विनवलं स्वल्पविराम पण तो हसला —

"थांब," ती म्हणाली. "हसला. नक्की?"

तो कागदाकडे बघत राहिला.

"म्हणजे मला विचारावं लागतं. नंतर लोक चूक आमची म्हणतात. आणि इथे एक तपशील राहिलाय बघ. पाण्यात उतरण्याआधी त्याने बूट काढले, असं कुठे आलेलं नाही. घालायचं का?"

हे वाक्य तिने अकरा महिने घडवलं होतं. शंभर वेळा मनात म्हणून पाहिलं होतं, वेगवेगळ्या आवाजांत, आणि दर वेळी समोरचा टोळ कोसळला होता, किंवा पाय धरत होता, किंवा पळत होता. खरा टोळ यांतलं काहीच करेना. त्याने फक्त कागद टेबलावर ठेवला, आणि त्याच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरल्यासारखं झालं. भीती नव्हे, तिला ते ओळखायला एक क्षण लागला. त्याला हायसं वाटलं होतं.

"मी आधी गेलो पाण्यात, ताई," तो म्हणाला.

आणि मग तो सांगत गेला, खालच्या आवाजात, विरामचिन्हांवाचून. त्या महिन्यात त्याची नोकरी सुटली होती आणि घरी त्याने सांगितलं नव्हतं, रोज डबा घेऊन बाहेर पडायचा आणि बागेत बसून संध्याकाळी परत यायचा. भोवऱ्याला कळलं. तो म्हणाला, चल, जरा वाऱ्यावर बसू. खाणीच्या कडेला टोळ उभा होता आणि धाकटा मागे दगडावर बसून बोलत होता, मिस्तरींना सांगतो, तुला आमच्याकडे चिकटवतो, असं कायकाय, नेहमीसारखं भरभर... आणि मग टोळ पाण्यात होता. पाय सरकला, की मी सरकवला, ताई, हे मला आजही सांगता येत नाही. रोज विचारतो स्वतःला. त्याने मला गळपट्टीला धरून कपारीला आणून लावलं, म्हणाला, धर, सोडू नकोस. मी धरलं. डोळे पुसून मागे बघतो तर तो नव्हता.

तिने ऐकलं. पेन्सिल 'हसला'खालीच होती. हे असं असेल, असं अकरा महिन्यांत तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. तिच्या मनातला टोळ मस्ती करत, फुशारकीने उडी मारत होता. पण तिला दया आली नाही, आणि आली नाही ह्याचं तिला बरं वाटलं. उलट आणखीच आत काहीतरी पेटलं — म्हणजे तुला नको होता तो तुझा जीव, आणि त्यासाठी धाकट्याचा... हे ती आता बोलणार होती. शब्द ओठांवर आले होते. आणि टोळ म्हणाला,

"आईंना मी त्याच आठवड्यात सांगितलं होतं."

पंख्याचा आवाज एकाएकी फार मोठा झाला.

"कुणाला?"

"आपल्या आईंना. त्या म्हणाल्या, हे माझ्यापाशी राहू दे. कुणाला बोलायचं नाही. ताईला तर मुळीच नाही." तो घुटमळला. "आणि हा लेखही माझा नाही. मी खरं लिहून नेलं होतं, चार पानं. म्हटलं, वर्ष झालं, आता तरी सगळ्यांना कळू दे. आईंनी ती वाचली आणि ठेवून घेतली. मग त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो."

ती प्रुफावर वाकली. पाण्याला माया नसते... लहानपणी चुलीशी लुडबुड केली की आई दोघांना मागे ओढायची आणि म्हणायची, विस्तवाला माया नसते. ही वाक्याची ठेवण, हे 'परोपरीने', हे 'हसला' — नऊ वर्षं दुसऱ्यांच्या ओळींतली सुईएवढी चूक शोधणाऱ्या बाईला आपल्या आईचा आवाज ओळखू आला नव्हता. मालक म्हणाले होतेच, घरच्या माणसाला...

"ताई," टोळ पुढे झुकला, त्याचा चेहरा कधी नव्हे इतका मोकळा, जवळजवळ सुंदर दिसत होता. "मी आत्ता लिहून देतो. जसं झालं तसं. तू छाप. माझ्या नावानिशी छाप. पाया पडतो तुझ्या."

हेच तर तिला हवं होतं. कबुली, लेखी, सही करून, दोनशे प्रतींत. धाकट्याचं नाव धुऊन निघेल, आणि ह्याचं... तिने टेबलाच्या खणातून कोरा कागद काढायला हात घातला, आणि तो हात खणातच राहिला. त्याच्या डोळ्यांतल्या त्या आशेने ती अडली. शिक्षा घ्यायला कुणी असं बघतं? हा तर सुटायला आला होता. तिच्या हातून.

"अजून दोन वाक्यं राहिलीत," ती म्हणाली. "वाच."

"ताई —"

"वाच."

त्याने वाचली. शेवटचं वाक्य वाचून तो थांबला. इथे पूर्णविराम आहे का, तिने विचारलं. आईंनी सांगितला नव्हता, तो म्हणाला.

तो गेल्यावर मालक उठून आले, डोळे चोळत. शेवटच्या पानांचा फर्मा उद्या नवाला मशीनवर चढवायचाय, बाई. छपाईला पान सोडलंत का? तिने सांगितलं, सकाळी देते. तिने प्रूफ घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि घरी निघाली. चालतच निघाली. रस्त्यात दुकानांच्या पाट्या होत्या आणि प्रत्येक पाटीवर एक चूक होती, ती रोज मनातल्या मनात दुरुस्त करत जायची. आज एकही दुरुस्त केली नाही. आईला माहीत होतं. दर रविवारी ती त्याला वाढत होती, अजून घे, अजून घे म्हणत होती, आणि तिला माहीत होतं. म्हणजे माफ केलं होतं! आपल्या पोटच्या पोराला हट्टी, उनाड ठरवून त्या लांबड्याला पदराखाली घेतलं. इतकं मोठं मन? आणि मुलीला मात्र सांगायचं नाही, कारण मुलगी कोण? मुलगी म्हणजे नखं, वाढली की कापून टाकायची. त्या उतारावरून चालताना टोळवरचा सगळा राग मुळासकट उपटून तिने आईच्या दिशेने लावला, आणि त्याला तिथे लगेच पालवी फुटली.

आई चादरींना इस्त्री करत होती. उन्हं खिडकीतून तिरपी आत आली होती. आईने वर न बघता विचारलं, "आला होता ना तो?"

"मूळ प्रत कुठे आहे?" ती म्हणाली.

आईने इस्त्री उभी केली. चादरीची कड जुळवली, घडी घातली.

"आहे माझ्यापाशी. तुला कधीपासून माहीत आहे?"

"अकरा महिने."

"तरीच," आई म्हणाली. "त्या मुलीच्या आत्याला तूच काहीतरी बोललीस. मला वाटलंच होतं." आणि मग, टोमणा नव्हे, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं: "एवढ्यावर भागलं तुझं?"

तिने दुसरंच विचारलं, जे विचारायला ती आली होती ते. मला का नाही सांगितलंस? आवाज चढला होता. तू त्याला माफ केलंस आणि मला...

"माफ?" आईने पहिल्यांदा वर पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते, आणि त्यांत एक अशी स्थिर, शांत गोष्ट बसलेली होती की तिने आपोआप दाराची चौकट धरली. "तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? ओरडली असतीस. चारचौघांत उभं केलं असतंस त्याला. लोकांनी दोन महिने शिव्या घातल्या असत्या, तिसऱ्या महिन्यात बिचारा म्हणाले असते. बोलून टाकलं की माणूस सुटतो. तू त्याला सोडून दिलं असतंस, बाई. मी नाही सोडणार."

आईने दुसरी चादर पसरली.

"तो दर रविवारी येईल. त्याच्या खुर्चीत बसेल. मी वाढीन ते खाईल आणि मला आई म्हणेल. त्याला नोकरी मी लावून दिली, मिस्तरींना सांगून. बायकोही मीच बघून देईन. माझ्या पोराने त्याला वर काढलंय, आता त्याला खाली जाता यायचं नाही. जगेल तो. आणि ते जे त्याच्या पोटात आहे ते पोटातच राहील, मी आहे तोवर." इस्त्री चादरीवरून लांबवर गेली आणि वाफेचा एक उष्ण वास खोलीत पसरला. "आता तर छापूनच येईल, त्याच्या सहीने. नंतर सांगेल कुणाला? कोण खरं मानेल?"

"आणि धाकटा? लोक काय म्हणतील त्याला?"

"लोकांचं काय," आई म्हणाली. "मला माहीत आहे तो कसा होता."

चादरीवरची सुरकुती आईने बोटाने सपाट केली, तिथेच, पुन्हा एकदा, जणू ती सोडून जगात दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. आणि हे प्रेम आहे की दुसरं काही, की आईच्या वयाला पोचल्यावर दोन्हींसाठी शब्द एकच होतो, हे दारात उभं राहून तिला वाचता येईना. अकरा महिने आपण जे जपलं, ज्याला धार लावली, जे उराशी घेऊन झोपलो, ते तिला आता किती पोरकट वाटलं — फटाक्यासारखं, एकदा वाजून संपणारं, एका आत्यावर वाया घालवलेलं. राग यायला हवा होता आणि तो शोधायला ती आत उतरली. टोळवर होता तिथे तो नव्हता, आईवर लावला होता तिथून सुकून गळाला होता. धाकट्यावर? का उतरलास रे, का नुसता ओरडला नाहीस... तिथेही एक क्षण टेकला आणि उडाला. मग तिच्या डोळ्यांसमोर तो दुपारचा चेहरा आला, पुढे झुकलेला, मोकळा, पाया पडतो म्हणणारा. आणि तिच्या मनात आपसूक आलं, हे पोर ह्या घरातून सुटणार कसं? पोर. वर्षभरात तिने त्याला मनातसुद्धा असं म्हटलं नव्हतं. ती दचकली. तिने तो शब्द परत घ्यायचा प्रयत्न केला, जुना शब्द त्याच्या जागी बसवायला बघितला, पण तो बसेना. आणि आई पाठमोरी, शांतपणे चादर उलटत असताना, आपण ह्यापुढे नेमक्या कुणाच्या बाजूच्या, हे न कळून ती तिथेच उभी राहिली, एखाद्या परक्या घरात चुकून शिरलेल्या बाईसारखी, पुढे जावं की मागे फिरावं ते न ठरवता.